इंदापूरच्या जमीनमोजणीची नियमावली आणि मोबाईल ॲपची कोडशैली-तपासणी : लिखित नियमांच्या इतिहासाचा तौलनिक अभ्यास

बीजशब्द : इंदापूर, प्रतबंदी, संयुक्त अहवाल १८४७, सुपे, कोडशैली, लिंट, फ्लटर, दस्तऐवजीकरण

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव एका विशेष कारणाने घेतले जाते. मुंबई इलाख्यात पुढे सर्वत्र रूढ झालेली रयतवारी जमीनमोजणीची पद्धत १८३५-३६ मध्ये प्रथम इंदापुरात आकाराला आली. या घटनेचा अभ्यास मुख्यतः शेतसाऱ्याच्या अंगाने झाला आहे. प्रस्तुत निबंधात तिच्याकडे लिखित नियमांच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. अनेक माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी केलेले काम एकसारखे कसे व्हावे, ते दुसऱ्याला तपासता कसे यावे आणि ज्या नियमाने ते तपासायचे तो नियम कसा लिहून ठेवावा, हा इंदापूरच्या मोजणीपुढील मूलभूत प्रश्न होता.

हाच प्रश्न आज संगणकशास्त्राच्या विभागात वेगळ्या रूपाने उभा आहे. बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयांत संगणकाचे विद्यार्थी गटाने मोबाईल ॲप तयार करतात. एकाच ॲपचा कोड चार-पाच हात लिहितात. प्रत्येकाची नावे देण्याची, ओळी मांडण्याची आणि चुका हाताळण्याची रीत निराळी असते. ही रीत एका वळणावर आणण्यासाठी शैलीचे नियम असतात व ते पाळले गेले की नाही हे तपासणारी साधनेही असतात. मात्र त्या नियमांचे दस्तऐवजीकरण, म्हणजे नियम कोणता, तो का आहे आणि तो कोठे मोडता येतो याची लेखी नोंद, हा भाग बहुधा दुर्लक्षित राहतो. इंदापूरच्या इतिहासाच्या आधारे या दुर्लक्षाची किंमत दाखवून देणे हा या निबंधाचा हेतू आहे.

प्रिंगल यांची आकारणी : तपासता न येणारा नियम

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर पुणे जिल्हा कंपनी सरकारच्या ताब्यात आला. जमीन मोजण्याची जुनी परिमाणे काठी, पांड, बिघा व चाहूर ही होती. परंतु बिघ्याचे क्षेत्र सर्वत्र सारखे नव्हते. ते गावागणिक व काही ठिकाणी जमिनीच्या कसानुसार बदलत असे. या विविधतेमागे स्थानिक तर्क होता, पण तो गावाबाहेरच्या माणसाला पडताळून पाहता येत नव्हता.

१८२४ ते १८२८ या काळात आर. के. प्रिंगल यांनी दख्खनमध्ये नवी मोजणी केली. त्यांच्यावर डेव्हिड रिकार्डो यांच्या खंडसिद्धान्ताचा प्रभाव होता. शेताच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के रक्कम सरकारने घ्यावी, असे त्यांचे सूत्र होते. कागदावर हे सूत्र निर्दोष दिसते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे पीक, बैल, बियाणे व मजुरी यांचा हिशेब मांडावा लागे आणि हा हिशेब कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या व गावकऱ्यांच्या सांगण्यावर अवलंबून राही. आकडा चुकला असेल तर तो कोठे चुकला हे शोधण्याचा मार्ग नव्हता. निव्वळ उत्पन्न ही बांधावर उभे राहून डोळ्यांनी पाहता येणारी वस्तू नव्हती.

१८३० च्या सुमारास ही आकारणी लागू झाली. घसरलेल्या किमती व प्रतिकूल हंगाम यांची त्यात भर पडली. इंदापूर हा मुळातच अवर्षणप्रवण प्रदेश. तेथे थकबाकी वाढली, जमिनी पडीक राहिल्या आणि शेतकरी गाव सोडू लागले. प्रिंगल यांच्या पद्धतीचे अपयश केवळ दर जास्त होते एवढ्यापुरते नव्हते. ज्याच्यावर नियम लागू झाला त्याला तो समजत नव्हता आणि ज्याने तो लागू केला त्याला तो तपासता येत नव्हता, हे त्या अपयशाचे दुसरे अंग होते.

गोल्डस्मिड व विंगेट : बांधावर तपासता येणारा नियम

१८३५ मध्ये मुलकी अधिकारी एच. ई. गोल्डस्मिड यांच्याकडे इंदापूरच्या फेरआकारणीचे काम आले. अभियंता दलातील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट व लेफ्टनंट नॅश हे त्यांचे सहकारी होते. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब बाजूला ठेवला. काळी, तांबडी व बरड ही जमिनीची नावे गावकऱ्यांच्या बोलण्यात होतीच. त्या परिचित प्रकारांचा आधार घेऊन त्यांनी जमिनीची प्रत ठरवली आणि नवा आकार ३० वर्षांसाठी कायम केला. शेतकऱ्याने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेमुळे त्या मुदतीत सारा वाढणार नव्हता.

येथे एक महत्त्वाचा फरक घडला. 'या शेतातून किती नफा निघेल?' या प्रश्नाऐवजी 'या शेतात माती कोणती आहे व ती किती खोल आहे?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाचे होते. दुसऱ्याचे उत्तर कुदळीने खड्डा घेऊन मिळत होते, आणि तोच खड्डा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाला पुन्हा तपासता येत होता.

मोजणीच्या साखळीतही हेच तत्त्व दिसते. ३३ फूट लांबीची साखळी आणि तिचे १६ आणे असे परिमाण ठरले. एक साखळी लांब व एक साखळी रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १२१ चौरस यार्ड. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. रुपयाचे सोळा आणे ज्याला ठाऊक होते त्याला हा हिशेब परका वाटण्याचे कारण नव्हते. आजही बारामती-इंदापुरात जमिनीचा व्यवहार गुंठ्यातच बोलला जातो, ही त्या परिमाणाच्या टिकाऊपणाची साक्ष आहे.

१८४७ चा संयुक्त अहवाल : नियमाचा दस्तऐवज

इंदापुरात सुरू झालेली पद्धत इतर जिल्ह्यांत नेताना नवी अडचण आली. गोल्डस्मिड व विंगेट प्रत्येक गावी स्वतः जाऊ शकत नव्हते. म्हणून अनुभवातून तयार झालेले नियम लिहून काढणे आवश्यक ठरले. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या नावे जो संयुक्त अहवाल सादर झाला, तो या दस्तऐवजीकरणाचा परिपाक होय.

या अहवालातील प्रतबंदीचा तक्ता विशेष अभ्यासनीय आहे. मातीचे तीन वर्ग केले होते : बारीक व एकसारख्या पोताची काळी ते गडद तपकिरी माती, त्याहून भरड व बहुधा तांबडी माती, आणि भरड, खडीयुक्त वा भुसभुशीत फिकट माती. त्यानंतर मातीच्या थराची खोली हाताने मोजायची : पावणेदोन हात, दीड, सव्वा, एक, पाऊण, अर्धा व पाव. वर्ग व खोली यांच्या मेळातून नऊ प्रती निघत व त्यांचे परस्परमूल्य आण्यांत मांडलेले असे : १६, १४, १२, १०, ८, ६, ४॥, ३ व २.

यानंतर दोषांचा विचार होई. चुनखडीचे बारीक खडे, वाळूचे मिश्रण, उतार, मातीच्या कणांना एकमेकांशी धरून राहण्याची शक्ती नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने माती धुपण्याचा धोका आणि झऱ्यांमुळे येणारा अतिरिक्त ओलावा असे सात दोष सांगितले होते. प्रत्येकासाठी स्वतंत्र खूण ठरलेली होती. एक खूण पडली की प्रत एका पायरीने खाली येई. उदाहरणार्थ, पहिल्या वर्गाची माती एक हात खोल असेल तर ती चौथ्या प्रतीची, म्हणजे १० आण्यांची. त्याच जागी वाळूही आहे आणि उतारही आहे असे आढळले, तर दोन खुणांमुळे ती सहाव्या प्रतीत जाऊन ६ आण्यांची ठरे.

प्रतबंदी करणाऱ्याने शेताचे सारखे भाग पाडून प्रत्येक भागाच्या चौकटीत मातीचा वर्ग, खोली, दोषांच्या खुणा व निघालेली प्रत नोंदवायची, आणि सर्व भागांच्या सरासरीवरून शेताचे मूल्य काढायचे, अशी रीत होती. त्यामुळे वरिष्ठाला केवळ अंतिम आकडा दिसत नसे. तो आकडा कसा आला ते दिसे. काही शेते निवडून त्यांची फेरतपासणी करण्याची तरतूद होती, आणि फरक आढळल्यास तो नेमका कोणत्या चौकटीत आहे हे दाखवता येत असे. भूमी अभिलेखाच्या परिभाषेतील टिपण, गुणाकार बुक, प्रतिबुक, आकारबंद, आणि पुढे झालेले बदल नोंदवणारे कमी-जास्त पत्रक ही नावे अभ्यासकांना परिचित आहेत. निष्कर्षाबरोबर त्याची वाट जतन करण्याची शिस्त या कागदांतून दिसून येते.

कोडशैली-तपासणीचा विकास

संगणकाच्या क्षेत्रात असाच प्रवास सुमारे पाऊणशे वर्षांच्या अवधीत झाला. प्रारंभी कोडची शैली ही व्यक्तिगत सवय होती. १९७४ मध्ये कर्निहॅन व प्लॉगर यांचे 'द एलिमेंट्स ऑफ प्रोग्रॅमिंग स्टाइल' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि शैलीचा विचार ग्रंथरूपाने समोर आला. १९७८ मध्ये बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतील कोड तपासणारा 'लिंट' हा प्रोग्रॅम लिहिला. कपड्याला चिकटलेले तंतू वेचून काढावेत तसे कोडमधील संशयास्पद अंश वेचणारे साधन, असा त्या नावाचा आशय आहे. लिंट कोड चालवत नाही, फक्त वाचतो. पुढे हे नाव या जातीच्या सर्व साधनांना मिळाले. २००१ मध्ये पायथन भाषेची 'पेप ८' ही शैलीसंहिता आली, २०१३ मध्ये जावास्क्रिप्टसाठी 'ईएसलिंट' आले.

मोबाईल ॲपच्या क्षेत्रातील 'फ्लटर' हे गूगलचे फ्रेमवर्क डिसेंबर २०१८ मध्ये १.० आवृत्तीपर्यंत पोहोचले. ते डार्ट या भाषेवर आधारलेले असून एकाच कोडमधून अँड्रॉइड व आयफोन या दोहोंसाठी ॲप तयार करता येते. २०२१ मधील २.५ आवृत्तीपासून नवा प्रकल्प सुरू करताच 'फ्लटर लिंट्स' हा नियमसंच आपोआप जोडला जाऊ लागला. प्रकल्पातील एका फाइलमध्ये कोणते नियम लागू आहेत व कोणते वगळले आहेत हे लिहिलेले असते.

येथे नियमांच्या दस्तऐवजाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. डार्टच्या अधिकृत दस्तऐवजात प्रत्येक नियमाचे स्वतंत्र पान आहे. त्यावर नियमाचे नाव, एका ओळीचा आशय, नियम स्थिर आहे की रद्द झाला आहे ही स्थिती, स्पष्टीकरण, चुकीच्या कोडचा नमुना आणि योग्य कोडचा नमुना अशी मांडणी आढळते. एकमेकांशी न जुळणाऱ्या नियमांचीही नोंद असते. चलाचा प्रकार नेहमी लिहावा असा एक नियम आहे आणि स्थानिक चलाचा प्रकार लिहू नये असा दुसराही आहे. दोन्ही एकाच प्रकल्पात चालू शकत नाहीत. शैलीचा नियम हा निसर्गनियम नसून समूहाने केलेली निवड आहे, हे यावरून स्पष्ट होते. निवड असल्यामुळेच ती लिहून ठेवण्याची गरज असते.

तौलनिक विवेचन

इंदापूरची प्रतबंदी व आजची कोडशैली-तपासणी यांच्यात तीन बाबतींत साम्य दिसते.

पहिली बाब पाहता येण्याची. प्रतबंदीचा नियम माती व खोली या दृश्य गोष्टींवर आधारला होता. चांगला शैलीनियमही असाच असतो. 'कोड सुवाच्य असावा' हा उपदेश झाला, तो तपासता येत नाही. 'वर्गाच्या नावातील प्रत्येक शब्द कॅपिटल अक्षराने सुरू व्हावा आणि फाइलचे नाव लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अधोरेषा देऊन लिहावे' हा नियम मात्र कोणीही तपासू शकतो.

दुसरी बाब कारणाची. वाळू मिसळली असता प्रत का उतरते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नव्हते, कारण खूण व कारण एकच होते. कोडमध्ये असे होत नाही. प्रसिद्ध होणाऱ्या ॲपमध्ये 'प्रिंट' ही आज्ञा वापरू नये, असा फ्लटरचा नियम आहे. विद्यार्थ्याला इशारा दिसतो, तो ती ओळ पुसून टाकतो आणि विसरतो. प्रत्यक्षात चाचणीसाठी छापलेली माहिती फोनच्या नोंदींत राहू शकते, तीत वापरकर्त्याचा खाजगी तपशील असू शकतो, म्हणून अशा नोंदींसाठी वेगळी व्यवस्था करावी, हा विचार त्याच्यापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. कारण ठाऊक नसेल तर तीच माहिती तो दुसऱ्या मार्गाने उघडी टाकील आणि तपासणी मात्र समाधानी राहील.

तिसरी बाब अपवादाची. सातही दोष नेमून दिलेले होते आणि प्रत उतरली की खूण कागदावर राहत असे. फ्लटरमध्येही एखादा नियम एका ओळीपुरता बाजूला ठेवण्यासाठी तशी टीप लिहावी लागते. अशा टीपेबरोबर कारण लिहिलेच पाहिजे, असा स्वतंत्र नियमही डार्टमध्ये उपलब्ध आहे. नोंदवलेला अपवाद नियमाला बळकट करतो आणि न नोंदवलेला अपवाद नियम पोखरतो, हे तत्त्व महसुलाच्या कागदपत्रांत जितके खरे आहे तितकेच कोडमध्येही.

नियमाची मर्यादा : इंदापूर १८६७ ते सुपे १८७५

तथापि, ही तुलना येथेच थांबवली तर इतिहासावर अन्याय होईल. प्रतबंदीचा तक्ता जमिनींचे परस्परमूल्य सांगत होता. चौथ्या प्रतीच्या शेताने सहाव्या प्रतीच्या शेतापेक्षा किती अधिक द्यावे, एवढेच त्यातून निघत असे. मुळात सरकारने किती घ्यावे याचे उत्तर त्या तक्त्यात नव्हते. तो दर तालुक्याचा पूर्वेतिहास, पर्जन्य व बाजारपेठ पाहून अधिकाऱ्याच्या विवेकानुसार ठरत असे.

३० वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापूरची फेरआकारणी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाच्या व त्याबरोबर इतर शेतमालाच्या किमती चढल्या होत्या. नव्या दरांत मोठी वाढ करण्यात आली. पुढे किमती उतरल्या, दर मात्र चढेच राहिले. पुणे सार्वजनिक सभेने या प्रश्नाची चौकशी करून रयतेची बाजू मांडली. १८७४ मध्ये मुंबई सरकारने वाढीवर मर्यादा घातल्या : तालुका वा गावांच्या गटासाठी ३३ टक्के, एका गावासाठी ६६ टक्के व एका खातेदारासाठी १०० टक्के. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि त्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. त्यांच्या दृष्टीने जो कागद त्यांना वाचता येत नव्हता तोच त्यांना बांधून ठेवत होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात कर्जव्यवहारांच्या नोंदणीवर व न्यायालयाने व्यवहाराच्या मुळाशी जाऊन तपास करण्यावर जो भर दिला गेला, त्याचे मूळ येथे आहे.

या उठावाची कारणे अनेक होती आणि वाढीव सारा हे त्यांपैकी कितपत प्रभावी होते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातून निघणारा बोध मर्यादित पण महत्त्वाचा आहे. प्रतबंदी बिनचूक असूनही आकारणी अन्याय्य असू शकते. त्याचप्रमाणे शैलीच्या तपासणीत एकही इशारा न येणारे ॲप चुकीचे, असुरक्षित वा निरुपयोगी असू शकते. तपासणी रूपाची होते, हेतूची होत नाही. ही मर्यादा दस्तऐवजात स्पष्टपणे लिहिली नाही, तर इशाऱ्यांची संख्या शून्य होणे हेच ध्येय बनते.

भाषेचा प्रश्न

१८४७ चा अहवाल इंग्रजीत होता. गावपातळीवरील कागद मोडी लिपीत लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हातून तयार होत. नियम एका भाषेत आणि त्याची अंमलबजावणी दुसऱ्या भाषेत अशी ही विभागणी होती. आज डार्टच्या नियमांची पाने इंग्रजीत आहेत आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी बहुधा त्यातील फक्त इशाऱ्याची ओळ वाचतो.

हा प्रश्न केवळ वर्गापुरता नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी ॲपद्वारे शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यासाठी करू लागले. २०२२ मधील सुधारित व्यवस्थेत शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने किमान १० टक्के नोंदींची पडताळणी करावी आणि शेतकऱ्याला ४८ तासांत दुरुस्तीची संधी असावी, अशी तरतूद होती. नमुना-तपासणी व दुरुस्तीची नोंद ही दोन्ही तत्त्वे प्रतबंदीच्या वारशातील आहेत. जमिनीची नोंद आता ॲपमधून होऊ लागल्याने, कोड लिहिणाऱ्याची शिस्त व शेतकऱ्याचा हक्क यांच्यातील अंतर पूर्वीपेक्षा कमी झाले आहे.

निष्कर्ष

१. प्रिंगल यांच्या पद्धतीच्या अपयशावरून असे दिसते की, सिद्धान्तदृष्ट्या परिपूर्ण परंतु जागेवर तपासता न येणारा नियम व्यवहारात टिकत नाही.

२. १८४७ च्या संयुक्त अहवालाचे सामर्थ्य त्याच्या मांडणीत होते. दृश्य निकष, ठरलेल्या खुणा व निष्कर्षापर्यंतची नोंदलेली वाट यांमुळे एकाचे काम दुसऱ्याला तपासता आले.

३. कोडशैलीच्या नियमांचे दस्तऐवजीकरण करताना प्रत्येक नियमाखाली नाव, कारण, चुकीचा नमुना, योग्य नमुना, अपवादाची अट आणि नियमाने काय तपासले जात नाही याची नोंद असावी.

४. महाविद्यालयीन प्रकल्पांत असा दस्तऐवज विद्यार्थ्यांनी स्वतः मराठीत तयार करावा व त्याला गुण असावेत. नियम स्वतःच्या भाषेत लिहावा लागला की त्याचे कारण समजून घ्यावेच लागते.

५. इतिहास व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हा अभ्यास पुढे नेण्यास वाव आहे. इंदापूरच्या प्रतिबुकातील एक चौकट आणि फ्लटरच्या तपासणीतील एक इशारा विद्यार्थ्यांपुढे शेजारी ठेवले, तर नियमाने कोणाला उत्तर द्यावयाचे असते हा प्रश्न दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना एकाच वेळी विचारता येईल. सुपे येथील शेतकऱ्यांनी तो १८७५ मध्ये विचारला होता.